चाळकेवाडीच्या सड्यावर निळ्या गळ्याचा सरडा दिसला, पण पवनचक्क्यांखालचे पळतच नाहीत, असं का?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी, प्राण्यांमधलं मला फार काही कळत नाही त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

सुट्टीत माहेरी साताऱ्याला आलेय. पोरगं (वय ९) घरात बसून वैतागलं होतं म्हणून रविवारी भाऊ आम्हाला सज्जनगड करून पुढे ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडीच्या पठारावर घेऊन गेला. मे महिना, त्यामुळे धबधबा म्हणजे कड्यावर नुसता एक काळा ओघळ, आणि वर पठारावर सगळं वाळलेलं गवत, दगड आणि डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पवनचक्क्या. मी म्हटलं कशाला आलो उन्हात. तेवढ्यात पोरगं ओरडलं आई हे बघ. दगडावर बोटाएवढा एक मळकट तपकिरी सरडा, अगदी दगडाच्याच रंगाचा, आणि त्याने अचानक गळ्याखालून काहीतरी उघडलं राव! छत्री उघडावी तसं! मोरपंखी निळा, त्याला लागून काळा आणि मागे शेंदरी. दोन सेकंद, मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. मी आयुष्यात इतका नटवा सरडा बघितला नव्हता. साताऱ्यात जन्म गेला आणि हे कधी कुणी सांगितलं पण नाही.

आता प्रश्न.

हा नक्की कोण? बाहेरून आलेला वगैरे आहे का? विषारी असतो का? (सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांचं लगेच उत्तर, अंगावर पडला असेल तर डोक्यावरून आंघोळ घाल पोराला.)

आणि खरा प्रश्न पोराचा आहे, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही. पवनचक्क्यांच्या खाली जे सरडे होते त्यांच्या तो हातभर अंतरापर्यंत गेला तरी ते ढिम्म. नंतर आम्ही गाडीने थोडं पुढे जिथे पवनचक्क्या नाहीत तिकडे डबा खायला बसलो तर तिथले सरडे आम्ही लांब असतानाच पळायचे, एक तर चक्क दोन पायांवर उभा राहून पळाला. पोरगं म्हणतं आई तिकडचे शूर आहेत आणि इकडचे भित्रे आहेत का? मी म्हटलं विचारून सांगते.

सडाफटिंग

ताई, प्रश्न बावळट नाहीये, उलट तुमच्या पोराने एका डबा खाण्यात जे टिपलंय त्यावर लोकांनी काही वर्षं उन्हात काढलीत. ते शेवटी सांगतो, आधी ओळख.

हा बाहेरचा अजिबात नाही, अस्सल तिथलाच. शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. हो, खरंच सरडा, मस्करी करत नाहीये. फॅन थ्रोटेड लिझर्ड, म्हणजे गळ्याला असा उघडमिट होणारा पंखा असलेले सरडे म्हणून जे सगळे आहेत ते आधी सिताना नावाच्या एकाच खोक्यात कोंबलेले होते, कुव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये दिलेलं नाव. मग २०१६ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक व्ही. दीपक, वरद गिरी आणि बाकीच्या मंडळींनी डीएनए, खवले, पंख्याचा आकार असं सगळं तपासून दाखवलं की यातले मोठ्या रंगीत पंख्याचे जे आहेत ते वेगळंच घराणं आहे, आणि त्या नव्या घराण्याला नाव दिलं आपल्या मराठीतलं, सरडा. त्यात तीन जाती. त्यातली सुपर्बा म्हणजे लॅटिनमध्ये दिमाखदार, आणि ती ज्या जागेवरून जगाला सांगितली गेली ती जागा म्हणजे तुम्ही जिथे उभ्या होतात तोच चाळकेवाडीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. म्हणजे जगात कुठेही कुणी या जातीबद्दल लिहिलं तर मूळ पत्ता जिल्हा सातारा. मला तर हे वाचल्यावर दोन दिवस छाती फुगवून फिरावंसं वाटलं होतं, माझा काही संबंध नसताना.

पंखा फक्त नराला. मादीला तो नाहीच, ती मातकट, पाठीवर गडद नक्षी, बसली की दिसतच नाही. नराचा पंखा गळ्यापासून निघून छातीच्या पार मागे पोटापर्यंत जातो, आणि एरवी घडी घालून ठेवलेला असतो. त्यामुळे तुम्ही दिवाळीत गेला असता तर हाच सरडा बघून 'काय हा मळका' म्हणून पुढे गेला असता. उन्हाळा हा त्यांचा लग्नाचा हंगाम. साधारण मार्चएप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत नर आपापला दगड धरून बसतात, उंच दगड असेल तेवढं बरं, आणि तिथून मान वरखाली करत पंखा उघडमिट करतात. एक प्रेक्षक म्हणजे मादी आणि दुसरा म्हणजे शेजारच्या दगडावरचा नर, त्याला सांगायचं की बाबा हद्द इथपर्यंत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, इथे कुंपण म्हणजे शेजाऱ्याचा पंखा. कधी कधी ऐकत नाहीत आणि जुंपते.

पाऊस लागला की खेळ खलास. माती मऊ झाली की माद्या उकरून अंडी घालतात आणि वरून बुजवून मोकळ्या होतात, पुढे सांभाळणं वगैरे भानगड नाही. मग सड्यावर गवत वाढतं, धुकं उतरतं, नराला पंखा दाखवून उपयोग काय, दिसणार कुणाला.

विष नाही. आपल्याकडच्या एकाही सरड्याला विष नाही. हा मुंग्या, वाळवी, भुंगे, नाकतोडे असलं खातो. आणि सासूबाईंचं पण एकदम हवेतलं नाहीये हं, पंचांगात पल्लीसरठ पतन म्हणून अख्खा तक्ता असतो, पाल किंवा सरडा कुठल्या अवयवावर पडला तर काय फळ. पण हा तर अंगावर पडायचा पण नाही, कारण झाडावर चढणाऱ्यातला नाही, जमिनीवरचा आहे. त्यामुळे आंघोळ ऐच्छिक.

पोराला अजून एक काम द्या, फोटोत मागच्या पायाची बोटं मोजायला सांगा. बागेतल्या सरड्याला पाच असतात, याला चारच. पळणाऱ्या पायाला सुटंसुटीत.

पवनचक्कीचं रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

कांदाभजी

भारी माहिती. एक शंका, फोटो टाकायचा ना हो ताई, नुसतं निळा निळा करून जीव घेताय.

बोरीचं_झाड

मी तिकडचाच हाय, चाळकेवाडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. आमच्याकडं याला वेगळं नाव न्हाई, सरडाच म्हणत्यात, त्यामुळं सायबांनी सांगितलेलं नाव ऐकून हसू आलं. लहानपणी गुरं घेऊन वर जायचो तवा मे महिन्यात दर चार दगडाआड एक दिसायचा. पोरं दगड मारायची, आमीबी मारल्यात खोटं कशाला बोलू. म्हातारी म्हणायची मारू नको रे पावसाचा सांगावा आणतोय त्यो. पंखा जोरात काढाय लागला की पंधरा दिसात वळीव, आसं तिचं गणित. बरोबर यायचं म्हंजे काय, वळीव तर येणारच की त्या दिवसात.

पवनचक्क्या आल्या नव्वदीच्या शेवटाला. तवापासून सरडा कमी झालाय आसं काय न्हाई, उलटा लय दिसतोय चक्क्यांखाली. कमी झालाय त्यो कापशी आन तिसा, ही शिकारी पाखरं. पयलं माळावर एका जागी हवेत थांबून फडफड करणारी कापशी रोज दिसायची, ती आता तिकडं लांब जाऊन बसती. आता ह्याचा आन त्याचा काय संबंध ते शिकलेल्यांनी सांगावं.

अजून एक. गाड्या सड्यावर घालू नका. तुमी गवत मोकळं हाय म्हणून चाक घालताय, सरडं दगडाच्या कडंला बसल्यालं आसत्यात.

दोन_आण्याचं_डोकं

पवनचक्क्यांनी पाऊस पळवला हे साताऱ्यात शेंबडं पोर सांगेल. आता सरडे पण बिघडवले. कंपन्यांचं काय जातंय.

सडाफटिंग

@दोन_आण्याचं_डोकं, भाऊ पाऊस पळवला हे सातारा सांगलीकडे सगळीकडे बोलतात मला माहितीय, पण पाऊस येतो तो अरबी समुद्रावरून काही किलोमीटर जाडीच्या ढगांतून, पवनचक्कीचं पातं कितीही मोठं असलं तरी शेदीडशे मीटरच्या आतला कारभार. त्याने मान्सून पळत नाही. पण म्हणून पवनचक्कीने काहीच होत नाही असंही नाही, आणि गंमत ही आहे की जे होतं ते आभाळात न दिसता सरड्यात दिसतं.

@बोरीचं_झाड, तुम्ही शिकलेल्यांनी सांगावं म्हणालात पण अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी नेमकं हेच चाळकेवाडीला मोजलं आणि २०१८ मध्ये नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पद्धत साधी. एकाच भागातला सडा, तसंच गवत, तसेच दगड, एकीकडे पवनचक्क्या आणि दुसरीकडे नाहीत. दोन्हीकडे आधी शिकारी पक्षी मोजले. पवनचक्क्यांच्या भागात ते जवळपास चौपट कमी निघाले, आणि वरून झडप घालण्याचे प्रकारही तसेच कमी. मग सरडे मोजले, तर पवनचक्क्यांखाली ते कितीतरी जास्त दाटीने. म्हणजे तुम्ही गुरं राखताना जे बघितलं तेच.

मग त्यांनी ताईंच्या पोरासारखंच केलं. सरड्याच्या दिशेने एका चालीने चालत जायचं आणि तो कुठल्या अंतरावर पळतो ते टेपने मोजायचं. पवनचक्क्यांखालचे सरडे माणसाला खूपच जवळ येऊ देतात. त्याच्या पुढे जाऊन रक्त तपासलं, ताण आल्यावर जे हार्मोन वाढतं ते कॉर्टिकोस्टेरॉन, आणि ते पण या निवांत सरड्यांमध्ये कमी चढतं. आता विचार करा, सरड्याच्या जन्मात डोक्यावरून सावली सरकली की मरण. ती सावलीच येईनाशी झाली तर सारखं काळीज हातात धरून कशाला बसायचं.

पण फुकट काही मिळत नाही. सरडे वाढले म्हणजे खाणारी तोंडं जास्त, बहुतेक त्यामुळेच पवनचक्क्यांखालचे सरडे अंगाने बारीक निघाले. आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या पंख्यातला निळा आणि शेंदरी रंगसुद्धा फिका निघाला. ताई तुम्ही ज्याला मोरपंखी म्हणालात तो बहुतेक फिका असणार! पुढच्या वेळी डबा खाल्लात तिकडचा बघा.

तर पोराला सांगा, शूर आणि भित्रे असं नाहीये. चक्क्या नाहीत तिथल्यांना घारीची सवय आहे, चक्क्यांखालच्यांची सुटलीय.

अर्धवटराव

हे सगळं ठीक पण एक शंका, पवनचक्क्यांच्या खाली मेंटेनन्सवाले, जीपा, टुरिस्ट सारखे असतात. सरडा माणसाला सरावला असेल एवढंच. कबुतर नाही का पायात येतं पुण्यात. त्यासाठी शिकारी पक्ष्यांपर्यंत जायची काय गरज? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी असं म्हणायची लोकांना फार घाई असते, पाऊस पळवला वाले आणि तुम्ही यात मग फरक काय.

सडाफटिंग

शंका बरोबर जागेवर आहे. नुसतं न पळणं एवढंच दिसलं असतं तर मी पण हेच म्हटलं असतं. पण सराव झाला म्हणून सरड्यांची संख्या वाढेल का? सराव झाला म्हणून तो वाळेल का, पंख्याचा रंग उडेल का? कबुतराचंच घ्या, माणसाळलं की ते उलट खाऊन गोल होतं. इथे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत आणि मधे पक्षी कमी झालेला प्रत्यक्ष मोजलेला आहे. पाऊसवाल्यांनी मधलं काही मोजलंय का, तो फरक.

आणि पवनचक्क्या पाडा असं कुणी म्हणत नाहीये, मी पण त्याच विजेवर हे टाईप करतोय. सडा म्हणजे पडीक जमीन, तिथे काय आहे, लावा काहीही, या हिशोबाला माझा आक्षेप आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेलं असतं आणि त्याच पोटखराब्यावर, याच चाळकेवाडीला, २००८ मध्ये जमिनीवर राहणारी एक पाल नवीन म्हणून सापडली, तिचं नावच हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. शेजारी कासच्या पठारावर २०१४ मध्ये अजून एक छोटी पाल, तिला वरद गिरींचं नाव दिलंय. कासला फुलांसाठी तिकीट काढून झुंबड जाते आणि दगडाखाली कोण राहतं ते कुणाच्या गावी नसतं.

अर्धवटराव

बरं, वाळणं आणि रंग हे मुद्दे मान्य. कबुतराचं पण मान्य.

ज्वारीची_भाकर

आमच्याकडे सोलापूरच्या माळावर पण असा रंगीत गळ्याचा असतो की! मी मोबाईलवर काढलाय उन्हाळ्यात. मग चाळकेवाडीचंच काय कौतुक, तो पण सुपर्बाच ना? आमच्याकडे काही डोंगर नाही, चाळकेवाडीसारखी हजार मीटर उंची तर सोडाच.

सडाफटिंग

तो भाऊबंद, पण तोच नव्हे. तुमच्याकडचा सरडा डेक्कनेन्सिस, दख्खनच्या कोरड्या माळावरचा, त्याला जर्डन नावाच्या इंग्रज प्राणीअभ्यासकाने १८७० मध्येच नाव दिलं होतं, नंतर लोक ते विसरून सगळ्यांना एकच समजायला लागले, २०१६ मध्ये ते नाव परत वर काढलं. सुपर्बा हा घाटमाथ्यावरच्या सड्यांचा, अकराशे मीटरच्या वर जिथे पावसाळ्यात चार महिने धो धो आणि उन्हाळ्यात तवा. तुमच्या सोलापूरच्या सरड्याला एवढा पाऊस झेपायचा नाही आणि याला तुमच्याकडे करमायचं नाही. दोघांच्या मधे आडवी भिंत वगैरे नाही, नुसती उंची आणि पाऊस.

तिसरा भाऊ सरडा डार्विनी, तो दक्षिणेला बेळगाव पट्ट्यात. डार्विनचं नाव का, तर १८७१ च्या 'द डिसेंट ऑफ मॅन' मध्ये त्याने या सरड्यांच्या गळपिशवीबद्दल लिहिलं होतं, की निळा काळा लाल रंग फक्त नराला, तो पण हंगामापुरता, आणि मादीला त्याचा मागमूस नाही. मोराचा पिसारा कशासाठी हा त्याला पडलेला प्रश्न, आणि त्याच यादीत आपला सरडा पण बसला.

बाकी राज्यात इतर ठिकाणी जे सिताना उरलेत त्यांचा पंखा छोटा, पांढुरका, फार तर मधून एक निळी रेघ. ते बघितले की सुपर्बा म्हणजे लग्नातल्या बँडवाल्याचा कोट वाटतो.

कांदाभजी

वर मोठे पंखे खाली बारके पंखे 😄 कुणीतरी पाटी लावा राव तिथे.

कॅमेराबंद

फोटोवाल्यांसाठी दोन गोष्टी, मी तीन उन्हाळे जातोय. सकाळी साडेआठनऊच्या पुढे ऊन तापलं की नर दगडावर येतात, दुपारी बारा एकला दगड इतका तापतो की ते पण गवताच्या सावलीला जातात. उभ्याने मागे लागू नका, एका जागी पालथं पडून राहा, पंधरावीस मिनिटांत तो तुम्हाला विसरतो आणि आपल्या धंद्याला लागतो. निळा रंग कोन बदलला की बदलतो, एका बाजूने झगझगीत आणि दुसऱ्या बाजूने नुसता काळपट, त्यामुळे सूर्य पाठीशी ठेवा.

आणि प्लीज, पंखा उघडावा म्हणून सरडा पकडून गळा ओढणारे महाभाग मी डोळ्यांनी बघितलेत. एकाने तर दोऱ्याने बांधून दगडावर ठेवला होता. भांडण झालं माझं. हे लोक स्वतःला वाईल्डलाईफ फोटोग्राफर म्हणवतात. दगड उलटे करणारे वेगळेच, खालून विंचू निघेल तेव्हा कळेल.

मुक्कामपोस्ट

बापरे, मला वाटलं दोन ओळींचं उत्तर येईल! सगळ्यांचे मनापासून आभार. पोराला वाचून दाखवलं. बोटं मोजली, चारच आहेत, त्यावरून आमच्याकडे दोन दिवस गोंधळ चालू आहे कारण तो आता भिंतीवरच्या पालीची बोटं मोजायला स्टुलावर चढतोय आणि सासूबाईंना हे कळलेलं नाही अजून.

अजून एक, त्याला वाईट वाटलंय. मी म्हटलं अरे घारी नाहीत म्हणजे सरड्यांची मजाच की, तर म्हणाला मजा नाही ना, ते बारीक झालेत. मग म्हणाला घारींनी काय खायचं. मला पुढे बोलता आलं नाही, भेंडी चिरायला घेतली.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, साईझ मोठी म्हणतंय, भावाला विचारते.

पाऊस लागायच्या आधी अजून एकदा जाऊन यायचं ठरलंय. यावेळी सकाळी लवकर, आणि दोन्हीकडचे पंखे बघून रंग ताडून बघायचा आहे. @बोरीचं_झाड दादा, गाडी कुठे लावायची ते सांगाल का, सड्यावर चाक घालायचं नाहीये.

बोरीचं_झाड

ताई रस्त्याच्या कडंलाच लावा, आमच्या गावचा फाटा लागतो तिथं वडाखाली जागा हाय. तिथनं पाच मिनिटं चालत आत जा. टोपी आन पाणी घ्या, वर सावली न्हाई कुठंच. आन बारक्याला सांगा सकाळी आभाळाकडंबी बगत ऱ्हा, कडंच्या अंगाला तिसा अजून येतो अधनंमधनं, खुंटावर बसलेला आसतो. दिसला तर इथं लिवा, मी बी दोन वर्सं झाली बगितला न्हाई.